जुनी वॉशिंग मशीन : शोध, पारख आणि जतन

कारखान्यात बनणे केव्हाच थांबलेली वॉशिंग मशीन आणि तत्सम घरगुती यंत्रे हुडकणे, दुरुस्त करणे व चालत्या स्थितीत जपणे, असा हा छंद आहे. मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये तो रुजला आहे. रेडिओ किंवा पंखा फळीवर मावतो. वॉशिंग मशीनला मात्र जागा, पाणी, निचरा आणि उचलायला चार हात लागतात. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील ईटन येथे एका निवृत्त प्राध्यापकाने उभे केलेले वॉशिंग मशीनचे संग्रहालय या छंदाचे सर्वांत परिचित ठिकाण.

संग्राहकांचा सर्वाधिक जीव रिंगर मशीनवर असतो. उघडी टाकी, तिच्यात ताकातल्या रवीसारखा उलटसुलट फिरणारा अ‍ॅजिटेटर आणि टाकीच्या कडेला कपडा दाबून पाणी काढणारे दोन रबरी रोलर, म्हणजेच रिंगर, अशी तिची रचना. आयोवातील न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीने 1922 मध्ये अ‍ॅजिटेटर टाकीच्या तळाशी आणला आणि ही रचना पुढे अनेक दशके टिकली. कंपनीने रिंगर मशीन 1983 पर्यंत बनवली. वीज न पोचलेल्या शेतांवरच्या घरांसाठी हेच यंत्र पायाने किक मारून सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर मिळे. ही इंजिने सोडवून पंपाला किंवा इतर कामाला जोडली गेली, म्हणून आज बरेचदा इंजिन एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे सापडते. 1937 मध्ये आलेले बेंडिक्सचे समोरून उघडणारे स्वयंचलित मशीन जमिनीला बोल्टने जखडावे लागे, कारण ड्रमला धक्के झेलणारे स्प्रिंग नव्हते. ब्रिटनमध्ये हूवरने 1948 मध्ये वेल्समधील मर्थर टिडफिल येथे बनवायला घेतलेल्या छोट्या मशीनला मान आहे. त्यात पाणी घुसळणारी चकती टाकीच्या बाजूच्या भिंतीवर असते.

ही यंत्रे मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे जुन्या घरांची तळघरे. नवे मशीन आले, पण जड जुने जिन्यावरून वर कोण आणणार, म्हणून ते तिथेच राहिले. घरमालक वारल्यावर होणारी सामानाची विक्री, शेतावरचे लिलाव आणि जुने दुरुस्ती कारागीर हे पुढचे मार्ग. भारतात अशी मशीन क्वचितच दिसते. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार इथे रेडिओ, टेबलफॅन, इस्त्र्या, पितळी स्टोव्ह धुंडाळावेत.

पारखीचे मुख्य सूत्र असे की धातू टिकतो, रबर टिकत नाही आणि हरवलेला भाग परत मिळत नाही. म्हणून चकचकीत पण अपुऱ्या यंत्रापेक्षा गंजके पण पूर्ण यंत्र घ्यावे. मूठ, झाकण, रिंगरची सुटकापट्टी (थाप मारताच रोलर दूर करणारी पट्टी), नावपट्टी, अ‍ॅजिटेटरची टोपी हे सगळे जागेवर आहे का ते आधी पाहावे. मग मोटरचा पट्टा हाताने ओढून यंत्र फिरवावे. जड पण सलग फिरले तर गिअरपेटीतले तेल डिंकासारखे घट्ट झाले आहे. एकाच ठिकाणी अडत असेल तर दाता तुटलेला असण्याची शक्यता असते. गिअरपेटीचा प्लग सोडून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर वरच्या सीलमधून (दांड्याभोवती तेल-पाणी अडवणारी कडी) पाणी आत शिरले आहे आणि बेअरिंगलाही गंज चढला असणार.

नेताना रिंगरचे डोके वेगळे काढावे, टाकी रिकामी करावी आणि यंत्र उभेच न्यावे. आडवे केल्यास गिअरपेटीतले तेल पट्ट्यावर आणि मोटरमध्ये उतरते.

घरी आणल्यावर थेट प्लगमध्ये लावणे ही या छंदातली सर्वांत महाग चूक. मोटर सोडवून वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) आणि बॉडी यांच्यात 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने, इन्सुलेशन मोजावे. किमान 1 मेगओहम हवे. कमी आले तर बहुधा ओल असते. दोन दिवस उन्हात किंवा 100 वॅटच्या बल्बजवळ मोटर वाळवून पुन्हा मोजावे. तडकलेली रबरी वायर सरसकट बदलावी आणि दोन पिनांच्या प्लगाऐवजी तीन पिनांचा लावून अर्थिंगची तार बॉडीला जोडावी. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही, असे दिसले तर तीन-चार सेकंदांत वीज तोडावी. चालू करताना लागणारे वायंडिंग अन्यथा जळते. दोष बहुधा सेंट्रिफ्यूगल स्विचच्या (मोटरने वेग घेतल्यावर हे वायंडिंग तोडणारा स्विच) काळवंडलेल्या टोकांचा असतो आणि बारीक पॉलिश पेपरने घासल्यावर तो जातो.

अ‍ॅजिटेटर दांड्याला चिकटून बसणे ही हमखास अडचण. तो अनेकदा बेकेलाइट या कडक, ठिसूळ प्लास्टिकचा असतो, हातोडीने फुटतो. टाकीत गरम पाणी अ‍ॅजिटेटर बुडेपर्यंत भरावे, तासभर ठेवावे, मग खालच्या कडेखाली दोन बाजूंनी दोरी घालून सरळ वर ओढावे. एकदा नाही निघाला तर पाणी बदलून पुन्हा तेच करावे. दहाव्या वेळी निघतो, पण निघतो.

ऑइल सीलसाठी मूळ भागाचा क्रमांक शोधत बसण्याची गरज नसते. दांड्याचा व्यास, बसण्याच्या खाचेचा व्यास आणि जाडी अशी तीन मापे कॅलिपरने घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेले की बहुधा जुळते सील मिळते. दांड्यावर जुन्या सीलने चर पाडला असेल तर नवे सीलही गळते. तेव्हा ते दीड-दोन मिलिमीटर वर किंवा खाली बसवावे. कडक झालेल्या रोलरांवर नवे रबर छपाईयंत्राचे रोलर करणारे कारागीर चढवून देतात. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबेल इतके मऊ हवे, नाहीतर शर्टाची बटणे फुटतात.

रिंगरची सुटकापट्टी तपासल्याशिवाय रोलर फिरवू नयेत. दुमडलेला टॉवेल आत सोडावा आणि पट्टीवर थाप मारावी. त्याच क्षणी रोलर दूर झाले पाहिजेत. बोट सापडले तर हात कोपरापर्यंत आत ओढला जातो. केस, ओढणी किंवा मंगळसूत्रही तसेच ओढले जाते.

अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत कॉस्टिक सोडा कधीही घालू नये. तो धातू खातो आणि हायड्रोजन सोडतो. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरतो. डाग काढण्याच्या हौसेने घासलेली टाकी काळी पडते, तो काळेपणा पुढे कपड्यांना लागतो.

अमेरिकेतून यंत्र भारतात आणणाऱ्यांना फक्त व्होल्टेज उतरवून भागत नाही. तिकडे 115 व्होल्ट व 60 हर्ट्‌झ, इथे 230 व्होल्ट व 50 हर्ट्‌झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्‌झ नाही. मिनिटाला 1725 फेरे घेणारी मोटर इथे सुमारे 1440 वर येते आणि तिचा गाभा जास्त तापतो. म्हणून तिला 115 ऐवजी 95 व्होल्टच्या आसपास द्यावे. टायमरची मोटरही मागे पडते, 10 मिनिटांच्या धुण्याला 12 लागतात. सुरू होताना मोटर चालण्याच्या चार-पाच पट करंट ओढते, त्यामुळे तृतीयांश अश्वशक्तीच्या मोटरलाही ट्रान्सफॉर्मर 2 केव्हीएचा घ्यावा. सोपा मार्ग म्हणजे इथली 230 व्होल्टची, 1440 फेऱ्यांची मोटर बसवून तिच्यावर सहापंचमांश व्यासाची पुली चढवणे. मूळ मोटर ग्रीस लावून, कागदात गुंडाळून यंत्रासोबतच ठेवावी. ती विकली की यंत्राचा अर्धा जीव गेला.

इतर उपकरणांत धोके वेगळे. 1927 पासूनच्या जनरल इलेक्ट्रिकच्या ‘मॉनिटर टॉप’ फ्रीजमध्ये बहुधा सल्फर डायऑक्साइड हा विषारी वायू भरलेला असे. त्याची नळी बंद खोलीत उघडणे जिवावर बेतू शकते. जुन्या इस्त्र्या व टोस्टरांतल्या करड्या तंतूंच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, ते कोरडे खरवडू नये. बाजारात मिळणाऱ्या जुन्या पंख्यांची नावपट्टी आधी वाचावी. ‘डी.सी.’ लिहिलेला पंखा घरच्या ए.सी. विजेवर तसाच लावू नये.

साठवताना रिंगरचा दाब सैल करून रोलर एकमेकांपासून दूर ठेवावेत आणि त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी. दाबलेल्या रोलरांना महिन्याभरात सपाट पट्टे पडतात. पट्टाही पुलीवरून उतरवून टांगावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी अर्धी टाकी पाणी भरून यंत्र 10 मिनिटे चालवावे. त्यामुळे सीलची कड ओलसर राहते.