ई-रीडर घेताय? आधी दहा मिनिटं हातात धरून बघा

आमच्या दुकानात आल्याआल्या पहिला प्रश्न ठरलेला, "जीबी किती?" नुसती पुस्तकं वाचायची असतील तर 8 जीबीतसुद्धा हजारो मावतात, आपल्या बडोद्याची सेंट्रल लायब्ररी नाही मावणार पण तुमची जन्मभराची बेगमी होईल, तेव्हा तो प्रश्न सोडा. घरी गेल्यावर त्रास होतो तो डोळ्याला आणि हाताला, आणि ते खोक्यावर वाचून कळत नाही.

आधी पडदा. मोबाईलचा उजेड सरळ डोळ्यात येतो. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा, त्यात बारीक बारीक कॅप्सूल असतात, त्यात काळे आणि पांढरे कण, दोघांवर उलटसुलट विद्युतभार, करंट दिला की कोणी वर येतं कोणी खाली जातं आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, म्हणूनच चार्जिंग आठवडे-आठवडे चालतं. सयाजीबागेत भर उन्हात बसलात तरी छापील पानासारखंच स्वच्छ दिसतं, उलट ऊन जास्त तेवढं बरं.

लाईट असतो तो कडेला, आणि उजेड पडद्याच्या मागून न येता वरून पानावर पसरतो. ॲमेझॉनच्या किंडल ई-रीडरमध्ये हे 2012च्या पेपरव्हाइट मॉडेलपासून आलं. बरेच जण लाईट फुल्ल ठेवतात आणि मग डोळे दुखतात म्हणून तक्रार घेऊन येतात. अहो, खोलीत जेवढा उजेड तेवढाच पानावर ठेवा, बस. रात्री अंधारात वाचायची सवय असेल तर पिवळसर उजेडाची सोय असलेलं मॉडेल बघा, साध्या किंडलमध्ये ती नाही, 2021च्या पेपरव्हाइटमध्ये आहे. त्याने झोप चांगली लागते असं आम्ही छातीठोक सांगणार नाही, पण पांढराफटक उजेड रात्री टोचतो हे खरंच.

आता मराठी वाचणाऱ्यांसाठी खास. 'मूर्तींना' हा शब्द घ्या, एका 'त'च्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार तिघं दाटीवाटीने बसलेत आणि शेजारच्या 'म'खाली ऊकार लोंबतोय. इंग्रजीला पुरेल एवढ्या अक्षरात आणि एवढ्या ओळींच्या अंतरात हे मावत नाही, सगळं चिकटल्यासारखं दिसतं. म्हणून अक्षर एक-दोन पायऱ्या मोठं करा आणि ओळींमधलं अंतरही वाढवा, पानं जास्त उलटावी लागतील पण डोळा थकत नाही. आणि जुना सेकंडहँड घेत असाल तर नीट विचारून घ्या, 2022च्या आधीचं साधं किंडल 167 पीपीआयचं, म्हणजे इंचाला 167 ठिपक्यांचं होतं, त्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. हल्लीचे 300 पीपीआयचे असतात, फरक डोळ्याने दिसतो.

पीडीएफ हा आमच्याकडचा सगळ्यात जास्त रडवणारा विषय. जुन्या पुस्तकाचं स्कॅन म्हणजे फोटोच, त्यातलं अक्षर मोठं होत नाही, सहा इंची पडद्यावर अख्खं पान घुसवलं की मुंग्या दिसतात. पडदा आडवा करून थोडं भागतं. काही पीडीएफ टाईप केलेल्या असतात पण जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये, त्या ईपबमध्ये, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणाऱ्या ई-पुस्तकात, बदलायला गेलं की गिचमिड बाहेर पडते. रोजचं वाचन पीडीएफचंच असेल तर दहा इंची घ्या, महाग पडतो, पण सहा इंचीचा मोह नको. रंगीत पडदा? कथा-कादंबऱ्यांना गरज नाही, कॅलिडो नावाच्या रंगीत ई-इंक पडद्यात वर रंगांची फिल्टर असते म्हणून पान जरा करडं दिसतं आणि लाईट वाढवावा लागतो.

हाताचं बघू. साधं 2022चं किंडल 158 ग्रॅम, 2021चं पेपरव्हाइट 205. कागदावर फरक किरकोळ, पण आडवं पडून एका हाताने वाचताना मनगटाला बरोबर कळतो, त्यात जाड कव्हर घातलंत तर विचारूच नका. दोन्हींचं पॉवरचं बटण खालच्या कडेला आहे, पोटावर टेकवून वाचणाऱ्यांचा पडदा ऐन रंगात आल्यावर बंद होतो! पान उलटायला खरी बटणं असलेलं किंडल ओएसिस 2024मध्ये बंद झालं, कोबो या दुसऱ्या कंपनीच्या लिब्रा मॉडेलात अजून आहेत. अंगठा दुखत असेल, किंवा टचला बोट लागून भलतीच पानं उलटत असतील, तर बटणांना पर्याय नाही असं आमचं मत.

मागच्या पानाची पुसट सावली राहिली तर घाबरू नका, सेटिंगमध्ये पेज रिफ्रेश चालू करा. उन्हाळ्यात गाडीत ठेवून जाऊ नका, किंडल 35 डिग्रीपर्यंतच वापरायचं असतं आणि आपल्या बडोद्याचा मे तुम्हाला माहितीये. 2018पासूनचं पेपरव्हाइट पाण्यात पडलं तरी बहुतेक वाचतं, साधं नाही वाचत. पण भिजलेलं कुठलंही लगेच चार्जिंगला लावू नका.

दुकानात डेमोचे पीस चालू ठेवलेले असतात, बसून वाचा, चहा येतोच. येताना रोजचा वाचायचा चष्मा आणा, आणि पीडीएफ वाचायच्या असतील तर त्यातली सगळ्यात वाईट दिसणारी एक मोबाईलमध्ये घेऊन या, आम्ही तीच टाकून दाखवतो.