स्तनाचा कर्करोग आणि वैवाहिक भावजीवन (सोलापूर)

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर पती-पत्नीच्या नात्यात उतरणारी भीती, संकोच, अपराधीपणा आणि नव्याने येणारी जवळीक यांचा विचार येथे सोलापूर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. हा आजार पुरुषांनाही होतो, पण शंभर रुग्णांत एखाद्यालाच. म्हणून येथे रुग्ण म्हणजे मुख्यतः पत्नी.

भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. घरात लेक लग्नाची, मुलगा कॉलेजात, सासूबाई थकलेल्या, अशा वयात. जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते आणि तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयामुळे ‘बार्शीला दाखवलंय’ एवढे म्हटले तरी ऐकणाऱ्याला आजार कळतो. रोगाचे नाव मात्र घरात कुणी घेत नाही.

नात्यातला पहिला ताण या न घेतलेल्या नावाचाच. डॉक्टर पुष्कळदा नवऱ्याला बाजूला बोलावून सांगतात. तो ‘तिला कळू देऊ नका, खचेल’ म्हणतो. तिला फाइलवरून, जावेच्या अचानक मऊ झालेल्या बोलण्यावरून सगळे कळलेले असते, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून तीही गप्प राहते. एकमेकांना जपण्यासाठी पाळलेले असे मौन दोघांचीही घालमेल वाढवते, असे मानसशास्त्रीय अभ्यासांत वारंवार दिसले आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कामगार वस्तीत, दोन खोल्यांच्या घरात बोलायला आडोसाही नसतो. शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायला बार्शीला जाणाऱ्या एसटीत सत्तरेक किलोमीटर शेजारी बसणे, हाच कित्येक जोडप्यांचा वर्षानुवर्षांत मिळालेला पहिला एकांत.

विडी वळणाऱ्या बाईच्या बाबतीत पैशाचा प्रश्न मनाचाही होतो. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो; मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास पान-तंबाखू वळणे जड जाते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते; तो हिशेब चुकला की ‘मी घरावर ओझं झाले’ ही भावना येते, आणि नवऱ्याने धीराचे कितीही शब्द बोलले तरी ती त्याने हटत नाही.

स्पर्शाविषयी सर्वांत कमी बोलले जाते. शस्त्रक्रियेनंतर छातीजवळ नळी व बाटली काही दिवस राहते. रोज साचलेले पाणी मोजायचे असते. ते साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात, जिथे दुधाचे लिटर लिहायचे त्याच चौकटीत, नवरा हे मिलिलिटर लिहू लागतो. जखम त्याने पहिल्यांदा पाहिली ती अशी, कामाच्या निमित्ताने, आणि तेच बरे असते. जिथे हे काम बहिणीकडे किंवा नर्सकडे जाते, तिथे तिला दुखेल म्हणून तो लांब राहतो, आणि त्याला आपली किळस येते असे तिला वाटते.

गैरसमजही आडवे येतात. किमोनंतर सुमारे दोन दिवस औषधाचा अंश शरीरातील द्रवांत राहतो, म्हणून संबंधांत निरोध वापरण्याचा सल्ला असतो. घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘वेगळं झोपा’ होते आणि पुढे ताटही वेगळे होते. वास्तविक कर्करोग संसर्गजन्य नाही, आणि बाहेरून दिलेल्या शेकाने शरीरात किरणे उरत नाहीत. संप्रेरकांवर वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात टॅमॉक्सिफेन या संप्रेरकरोधक औषधाच्या गोळ्या पाच ते दहा वर्षे चालतात. त्यांनी अंगातून वाफा येतात, योनिमार्ग कोरडा पडू शकतो. यावर साधी, संप्रेरकविरहित जेल मिळतात. पण ओपीडीच्या पाच मिनिटांत हे विचारणार कोण, आणि सांगणार कोण?

‘कॅन्सर झाला की नवरा सोडतो’ हा समज पूर्ण खरा नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गंभीर आजारी स्त्रियांपैकी 20.8 टक्क्यांचे, तर पुरुषांपैकी 2.9 टक्क्यांचे लग्न मोडले होते. त्यात मेंदूच्या गाठींचे व मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचेही रुग्ण होते. उलट 2007 मधील डेन्मार्कच्या अभ्यासात गर्भाशयमुखाचा कर्करोग सोडता इतर कर्करोगांत घटस्फोट वाढलेले आढळले नाहीत. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कर्करोग हे घटस्फोटाचे कारण नाही. कुष्ठरोग होते, तेही 2019 मध्ये वगळले. आपल्याकडे मात्र तुटलेले नाते कोर्टापर्यंत जातेच असे नाही. ‘आरामाला’ म्हणून माहेरी पाठवलेली बाई तिथेच राहते.

लेकीचे स्थळ हा वेगळाच पेच. आनुवंशिक कारण पाच ते दहा टक्के रुग्णांतच असते, तरी मुलीला बघायला येणाऱ्यांपासून आईचा आजार लपवला जातो. त्यासाठी किमोच्या तारखा पुढे ढकलणे उपचाराला धोक्याचे असते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला सुजलेल्या हातात बांगडी चढत नाही. घट्ट दागिना त्या हातात घालू नये, असेच डॉक्टर सांगतात. सवाष्णीचे मोकळे मनगट पाहून बायका विचारतात, तेव्हा ती दुसऱ्या हातात दुप्पट बांगड्या भरते आणि पदर पुढे ओढून वाण घेते.