बाय-ॲम्पिंग

एकाच स्पीकरमधल्या वूफरला (खालचे सूर वाजवणारा भाग) एक आणि ट्वीटरला (वरचे सूर वाजवणारा) दुसरा असे स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर जोडण्याची पद्धत. मधले सूर वाजवणाऱ्या मिडरेंजलाही वेगळा ॲम्प दिला की तिला ट्राय-ॲम्पिंग म्हणतात. नाव ॲम्पच्या संख्येवरून पडले असले, तरी आवाजात फरक पडतो तो मुख्यतः क्रॉसओव्हर कुठे बसवला आहे यामुळे.

खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वळवणारे सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. घरगुती स्पीकरमध्ये ते पेटीच्या आत, ॲम्पनंतर असते : तांब्याच्या तारेच्या कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर. ॲम्पची सगळी ताकद त्यातूनच जाते, म्हणून हे भाग जाडजूड आणि महाग लागतात. ट्वीटर बहुधा वूफरपेक्षा मोठ्याने वाजतो. त्याला बरोबरीला आणायचे तर जादा वीज रेझिस्टरमध्ये जाळावी लागते. शिवाय या फिल्टरचे गणित ड्रायव्हरच्या (म्हणजे वूफर, ट्वीटर यांच्या) रोधावर बेतलेले असते, आणि तो रोध सुरागणिक बदलतो. बराच वेळ जोरात वाजवून ड्रायव्हरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तापली की आणखी वाढतो. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर हीच वाटणी ॲम्पच्या आधी, लहान सिग्नलवर करतो. पुढे ॲम्पची तार थेट ड्रायव्हरला जाते.

ताकदीचा हिशेब इथे गमतीचा आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी वूफरच्या सिग्नलचे शिखर २० व्होल्ट आणि ट्वीटरच्या सिग्नलचेही २० व्होल्ट धरू. एकाच ॲम्पमधून दोन्ही गेले आणि शिखरे एकावर एक आली, तर ४० व्होल्ट लागतात. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प. वाटणी आधीच झाली असेल तर प्रत्येकी २५ वॉटचे दोन ॲम्प तेवढेच काम करतात. आणि ढोलाच्या ठोक्याला वूफरचा ॲम्प क्लिप झाला, म्हणजे ताकद संपून सिग्नलची शिखरे कापली गेली, तरी त्याची करकर ट्वीटरपर्यंत पोचत नाही.

हा फायदा मागच्या बाजूला चार टर्मिनल असलेल्या स्पीकरची टर्मिनल जोडणारी पट्टी काढून दोन ॲम्प जोडल्याने जवळजवळ मिळत नाही. आतला क्रॉसओव्हर तसाच राहतो, दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नलच उचलावा लागतो, व्होल्टेजची मर्यादा होती तिथेच राहते. दुकानात दुसरा ॲम्प विकायला ही जोडणी उपयोगी पडते, एवढे खरे. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरने ॲम्पची वूफरवरची पकड घट्ट होते हा दावाही बेतानेच घ्यावा. क्रॉसओव्हरच्या कॉइलचा ०.४ ओहम वाचला, तरी ८ ओहमच्या वूफरच्या व्हॉइस कॉइलचा स्वतःचा सुमारे ६ ओहम रोध कुठे जाणार?

ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरच्या रचनेत आज सर्वाधिक वापरला जाणारा लिंकविट्झ-रायली फिल्टर झीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्डमधील दोन अभियंत्यांच्या नावाने ओळखला जातो. लिंकविट्झ यांचा त्यावरचा शोधनिबंध १९७६ सालचा आहे. त्याच्या प्रचलित रूपात प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलचा उतार असतो. दोन्ही बाजू संधीच्या ठिकाणी, म्हणजे जिथे सूर वाटले जातात तिथे, ६ डेसिबलने खाली असतात आणि एकाच फेजमध्ये (लाटा एकाच वेळी वर-खाली) असल्याने त्यांची बेरीज सपाट येते. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये याच्या जोडीला विलंबही देता येतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून ट्वीटर वूफरपेक्षा ३.४ सेंटिमीटर पुढे असेल, तर त्याला ०.१ मिलिसेकंद थांबवले की दोघे जुळतात.

तयार स्पीकरमधला क्रॉसओव्हर काढून ॲक्टिव्ह बसवताना नुसता ‘क्रॉसओव्हर अडीच किलोहर्ट्झला आहे’ हे माहीत असून भागत नाही. मूळ क्रॉसओव्हर सूर वाटण्याखेरीज पेटीच्या रुंदीमुळे येणारा उतार भरून काढतो, ड्रायव्हरचे उंचवटे दाबतो. तो काढला की हे सगळे मायक्रोफोन लावून, मोजून पुन्हा उभे करावे लागते. केवळ कानावर विसंबून केलेली जुळवणी आठवडाभर छान वाटते, मग खुपू लागते. काढलेले सर्किट जपून ठेवावे. स्पीकर विकायची वेळ आली की ते परत बसवावे लागते.

सगळ्यात मोठा धोका ट्वीटरला. ॲम्प आणि त्याच्यामध्ये खालचे सूर अडवणारा कपॅसिटर उरलेला नसतो. त्यामुळे ॲम्प चालू करतानाचा ‘धप्प’ आवाज किंवा अदलाबदल झालेली एक केबल त्याची कॉइल जाळायला पुरते. म्हणून चालू करताना आधी क्रॉसओव्हर, मग ॲम्प. बंद करताना उलट. पुष्कळ जण ट्वीटरच्या तारेत ४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ठेवूनच देतात. ८ ओहमला त्याची कात्री सुमारे ४२० हर्ट्झला लागते, म्हणजे संधीपासून बरीच खाली. अतिसंवेदनशील ट्वीटर थेट ॲम्पवर आला की ॲम्पची एरवी न जाणवणारी सूंसूंही जवळून ऐकू येते.

स्टुडिओ मॉनिटरमध्ये ही पद्धत रुळून बराच काळ झाला. फिनलंडच्या जेनेलेकने १९७८ मध्ये काढलेला एस-३० हा पहिलाच मॉनिटर तीन ॲम्पचा होता. घरात मात्र सबवूफर ८० हर्ट्झला तोडणारा होम थिएटर रिसीव्हर हाच बहुतेकांचा एकमेव ॲक्टिव्ह क्रॉसओव्हर, आणि तो आपल्याकडे आहे हे त्यांना ठाऊकही नसते. महाराष्ट्रात मिरवणुकीच्या डीजेवाल्यांना याची ओळख जास्त : रॅकमधल्या क्रॉसओव्हरवर ‘बेस’ आणि ‘टॉप’ वेगळे काढून त्यांना वेगवेगळे ॲम्प देणे हा त्यांचा रोजचा शिरस्ता आहे.