विंचवाची लस की प्राझोसिनची गोळी: कोकणातल्या वादाची पार्श्वभूमी

रायगड-रत्नागिरीकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाचा रुग्ण आला की ड्युटीवरचा डॉक्टर दोन गोष्टी विचारतो. प्राझोसिन (रक्तदाबाची एक गोळी) दिलंय का? आणि लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष, आहे का? यातलं आधी काय आणि दोन्ही लागतातच का, यावर तज्ज्ञांचं बरीच वर्षं एकमत नव्हतं. आजही ते पूर्ण झालंय असं म्हणता येत नाही. बाहेरून हा औषधांचा वाद वाटतो. त्याचं मूळ मात्र रुग्ण ओळखण्यात आहे, आणि त्यासाठी सत्तरच्या दशकातल्या महाड परिसरात जावं लागतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात उरकतो. आघाड्याचं मूळ, घासून चिकटवलेला चिंचोका, चुना, मंत्र आणि उतारा हे उपाय गावोगाव होते. त्यांना यश आल्यासारखं वाटे, कारण विंचू चावलेली बहुतेक माणसं काहीही न करता बरी होतात. मोठी काळी इंगळी भयंकर ठणका देते, पण सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो लहान तांबडा विंचू. जांभ्याच्या चिऱ्यांत, कौलांखाली, गवताच्या पेंढ्यांत, लाकडांच्या ढिगात आणि कोपऱ्यात काढून ठेवलेल्या चपलेत तो सापडतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पुन्हा पावसाळा ओसरताना त्याचा त्रास वाढतो. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरतं याची टिपणं १९६१ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मृत्यू होतो हे माहीत होतं, तो कुठल्या वाटेने होतो याचा धागा मात्र हाती लागत नव्हता.

१९७६ साली एक तरुण वैद्यकीय अधिकारी महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. त्या काळात विंचूदंशाने गंभीर होऊन दाखल झालेल्यांपैकी पंचवीस ते तीस टक्के रुग्ण दगावत, आणि त्यांत मुलं बरीच असत. उपचारांची यादी लांबलचक होती. गुंगी आणणाऱ्या तीन औषधांचं मिश्रण दिलं जाई, अॅट्रोपिन, स्टेरॉइड आणि अॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) दिलं जाई. हृदय थकलंय असं समजून डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारी इंजेक्शनंही दिली जात. उलट्या आणि घामामुळे आधीच कोरडा पडलेला पोरगा लघवीच्या इंजेक्शनाने आणखी कोरडा पडे. कुणाच्याही हेतूत खोट नव्हती. उपचार आजाराच्या उलट दिशेने जात होते, एवढंच.

त्या डॉक्टरने रात्ररात्र खाटेजवळ बसून जे टिपलं, त्यातून पुढचं सगळं घडलं. दंशाच्या जागी प्रचंड ठणका आहे, रुग्ण ओरडतोय, पण हातपाय गरम आहेत: असा रुग्ण बहुधा वाचतो. याउलट ठणका फारसा नाही, पण मुलाला दोन-तीन उलट्या झाल्यात, केसांपासून तळव्यांपर्यंत घाम आहे, हातपाय बर्फासारखे गार आहेत, नाडी जोरात आहे, रक्तदाब चढलाय आणि मुलगा असेल तर लिंग ताठरलंय: हा रुग्ण धोक्यात आहे, भले तो शांत पडलेला असो. काही तासांनी त्याला खोकला सुटतो, धाप लागते, तोंडाशी गुलाबी फेस येतो. ताठरलेल्या लिंगाचं लक्षण घरचे लाजेने सांगत नाहीत आणि घाईत डॉक्टर पांघरूण उचलून बघत नाही, म्हणून ते हमखास निसटतं. खरं तर धोक्याची इतकी लवकर सूचना देणारं दुसरं लक्षण क्वचितच असेल. फुप्फुसात पाणी भरण्याआधीच्या या खुणा १९८२ साली लंडनच्या एका नामवंत वैद्यकीय साप्ताहिकात छापून आल्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं काम हेच आहे, नंतरच्या औषधापेक्षाही मोठं.

औषध सापडलं ते या निरीक्षणाच्या पोटातून. तांबड्या विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, पोटॅशियमच्या वाटा अडवतं आणि शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्या दाबाविरुद्ध हृदयाला रक्त ढकलावं लागतं, डावा कप्पा दमतो आणि पाणी मागे फुप्फुसात साठतं. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. सुरुवातीला त्यासाठी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं ठिबक वापरून पाहिलं आणि त्याचा उपयोगही झाला. पण त्यावर सतत नजर ठेवावी लागते, दर काही मिनिटांनी रक्तदाब घ्यावा लागतो, आणि जिथे दिव्याची खात्री नाही तिथे हे कसं जमणार? प्राझोसिन ही उच्च रक्तदाबाची साधी गोळी होती. ती रक्तवाहिन्यांवरचा नेमका तोच ग्राहक (रिसेप्टर) अडवते ज्यामुळे त्या आवळतात. तोंडाने देता येते, स्वस्त आहे, कुणीही देऊ शकतं. तिचे निष्कर्ष १९८६ साली त्याच साप्ताहिकात आले. पुढे जिथे ती वेळेवर दिली गेली तिथल्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आलं. आंध्र, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी इथल्या डॉक्टरांनीही ती उचलली.

गोळी सोपी असली तरी द्यायची रीत शिकावी लागते. लहान मुलाला साधारण पाव मिलिग्रॅम आणि मोठ्याला अर्धा. हातपाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून रुग्ण आडवाच हवा. आई रडणाऱ्या पोराला खांद्यावर उभं धरते आणि तिथेच घोटाळा होतो. सिस्टरने हे आधीच समजावून सांगितलेलं बरं. घाम-उलट्यांनी गेलेलं पाणी भरून काढायला ओआरएस किंवा बेताने सलाइन. नुसता ठणका असेल तर गोळीची गरजच नाही. दंशाच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन आणि लक्ष ठेवणं पुरतं.

इथे अॅलर्जीचा विषय येतोच, कारण तातडीच्या विभागात गफलत होते ती इथेच. ‘काहीतरी चावलं’ म्हणून आलेल्या प्रत्येकाला अॅव्हिल आणि डेक्सा (स्टेरॉइड) टोचायची सवय फार जुनी आहे, आणि केसपेपरवर तेवढंच लिहिलेलं असतं. आग्या मोहोळाच्या किंवा गांधीलमाशीच्या दंशानंतर अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले, घसा आवळला, रक्तदाब कोसळला, तर ती तीव्र अॅलर्जी आहे. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, हाच पहिला उपचार, अॅव्हिल-डेक्सा नंतर. तांबड्या विंचवाच्या रुग्णाच्या अंगात मात्र अॅड्रेनलिन आधीच उतू जात असतं. त्याला अॅलर्जी झालेली नसते, विषबाधा झालेली असते, आणि अॅव्हिल-डेक्साने त्याला काहीच मिळत नाही. जाते ती वेळ. मधमाशीच्या रुग्णाला अॅड्रेनलिन द्यायला कचरणं आणि विंचवाच्या रुग्णाला अॅलर्जीवाला समजणं, या दोन्ही चुका न बघता टोचण्यातून होतात. अशा तीव्र अॅलर्जीचा, म्हणजे अॅनाफिलॅक्सिसचा, शोधही दंशाच्या विषातूनच लागला होता: १९०२ साली फ्रेंच संशोधक समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचत असताना.

आता लसीबद्दल. घोड्यांना सापाचं विष थोडं थोडं टोचून प्रतिविष बनवायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात रुजली, आणि मुंबईत परळला सापाची लस बनू लागल्यालाही आता अनेक दशकं झाली. तांबड्या विंचवाची लसही पुढे मुंबईतच तयार झाली. ती सगळीकडे पोचली नाही. गोळीचे निकाल चांगले असल्यामुळे लसीची निकड बऱ्याच डॉक्टरांना पटली नाही.

त्यांचा युक्तिवाद असा होता. विष लवकर रक्तात पसरतं आणि आपलं काम करून टाकतं. रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा अॅड्रेनलिनचा पूर आलेला असतो. लस विषाला पकडेल, पण सुटलेल्या अॅड्रेनलिनला पकडणार नाही. शिवाय १९९९ साली ट्युनिशियातून एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. विंचू चावून आलेल्या आठशेहून अधिक रुग्णांत सरसकट लस देऊन काही फायदा दिसला नव्हता. घोड्याच्या रक्तातून बनलेली लस म्हणजे अॅलर्जीचाही धोका. मग गोळी पुरेशी असताना हा खर्च आणि ही जोखीम कशाला?

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तेवढंच ठाम होतं. गोळी परिणामाशी झगडते, कारण जिथल्या तिथे राहतं. दंशाच्या जागेवरून विष काही तास झिरपत राहतं, म्हणून गोळ्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, रात्रभर रक्तदाब बघावा लागतो, आणि एकच सिस्टर चाळीस खाटा सांभाळते तिथे रात्रभर बघणं म्हणजे काय ते कोकणातल्या कुणालाही सांगायला नको. ट्युनिशियातल्या चाचणीत सौम्य रुग्ण पुष्कळ होते आणि तिथले विंचूही वेगळे. २००९ साली अमेरिकेतल्या अॅरिझोनातून उलट निकाल आला: गंभीर आजारी पंधरा मुलांपैकी लस मिळालेली आठही मुलं चार तासांत सावरली, लस न मिळालेल्या सातांपैकी एकच. तिथल्या विंचवाचं विष मुख्यतः मज्जासंस्थेला धरतं, आपल्याकडचं हृदयाला. त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा इथे लागू करता येत नव्हता, पण प्रश्न पुन्हा उघडला गेला.

चिपळूणच्या बाजूच्या डॉक्टरांनी लसीचे चांगले अनुभव मांडले. मग २०११ साली महाडमधून चाचणी आली, आणि विशेष म्हणजे ती गोळीच्या मूळ पुरस्कर्त्यांनीच केली होती. आपल्याच औषधाला दुसऱ्या औषधाच्या शेजारी उभं करून मोजायचं, ही गोष्ट वैद्यकात रोज घडत नाही. सत्तर रुग्ण घेतले. विष अंगात भिनल्याची लक्षणं सगळ्यांत होती, पण फुप्फुसात पाणी भरलेलं नव्हतं. पस्तीस जणांना नुसती गोळी, पस्तीस जणांना गोळी आणि लस. दहा तासांत पूर्ण सावरलेले: लसवाल्या गटात ३२, नुसत्या गोळीच्या गटात ८. सावरायला लागलेला सरासरी वेळ आठ तास विरुद्ध १७.७ तास. गोळ्याही निम्म्याच लागल्या.

लसीच्या बाजूने हे आकडे वारंवार सांगितले जातात. त्याच चाचणीतला दुसरा आकडा कमी सांगितला जातो: पुढच्या गंभीर पायरीवर घसरलेले रुग्ण लसवाल्या गटात चार होते, नुसत्या गोळीच्या गटात पाच. म्हणजे लस लवकर बरं करते हे दिसलं. ती बिघडण्यापासून जास्त वाचवते हे दिसलं नाही. चाचणी एकाच ठिकाणची होती आणि कुणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं. रुग्ण दहा तास आधी घरी गेला तर मजुरी करणाऱ्या कुटुंबाचा दिवस वाचतो आणि दवाखान्याची खाट मोकळी होते. ही किंमत छोटी नाही. पण ‘लस नाही म्हणून रेफर’ हा निष्कर्ष यातून निघत नाही, आणि प्रत्यक्षात तोच काढला गेला. १०८ची गाडी बोलावून रुग्णाला घाटातून दीड-दोन तास पुढे पाठवायचं आणि निघताना खिशातली गोळीही द्यायची नाही, असे केसपेपर मी पाहिलेत. त्या दीड-दोन तासांतच फुप्फुसात पाणी भरतं.

अॅलर्जीच्या भीतीचंही पुढे वेगळंच निघालं. सापाच्या लसीने थंडी वाजणं, पित्त उठणं, क्वचित रक्तदाब कोसळणं हे अनेकदा होतं, म्हणून अॅड्रेनलिन भरून ठेवूनच लस सुरू करतात. विंचवाच्या लसीत अशा प्रतिक्रिया बऱ्याच कमी दिसल्या. रुग्णाच्या अंगात आधीच उसळलेलं अॅड्रेनलिन त्याचं संरक्षण करत असावं, असं मानलं जातं. तरीही अॅड्रेनलिन हाताशी ठेवण्याला पर्याय नाही.

आज बहुतेक ठिकाणी जी रीत बसली आहे ती अशी: विष भिनल्याची लक्षणं दिसली की आहे त्या जागी लगेच गोळी, लस असेल तर पहिल्या काही तासांत तीही, आणि गोळी दिल्यावरच पुढे पाठवणं. फुप्फुसात पाणी भरलेल्याला ऑक्सिजन आणि शिरेतून वाहिन्या सैल करणारी औषधं, रक्तदाब कोसळलेल्याला हृदयाला बळ देणारं डोब्युटामिन, त्यासाठी मोठं रुग्णालय. बरं होत आल्याची खूण म्हणजे गरम झालेली पावलं. बऱ्याच जणांना तेव्हा दंशाच्या जागचा ठणका परत जाणवू लागतो, आणि नातेवाईक घाबरतात. तो ठणका चांगला, हे त्यांना सांगावं लागतं.

सर्पदंशाकडे मधल्या काळात जगाचं लक्ष गेलं. २०१७ साली तो दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या जागतिक यादीत आला. भारतात २०२४ साली त्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा झाला, आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना पत्र लिहून सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करायला सांगितलं. महाडच्या त्या डॉक्टरला २०२२ साली पद्मश्री मिळाली. २०२४च्या त्या पत्रात विंचूदंश नव्हता. त्यामुळे सापाचा रुग्ण मोजला जातो, आणि त्याच रात्री शेजारच्या खाटेवर गार हातपायांनी पडलेलं विंचवाचं पोर कोणत्या आकड्यात धरायचं हे अजून ज्या त्या दवाखान्यावर सोडलेलं आहे.