लोकल बोर्ड आणि जिल्हा परिषद: पाटी बदलली, कारभारही बदलला

पश्चिम महाराष्ट्रातली जुनी माणसं अजून ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात आणि बोट दाखवतात जिल्हा परिषदेच्या शाळेकडे. त्यामुळे जिल्हा लोकल बोर्डाचंच नाव पुढे जिल्हा परिषद झालं, असं अनेकांना वाटतं.

बोर्ड, म्हणजे ग्रामीण भागाचा स्थानिक कारभार पाहणारी संस्था, हे व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या काळातलं अपत्य. मुंबई इलाख्यात 1884 च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका बोर्डं आली. सुरुवातीला जिल्हा बोर्डावर अध्यक्ष म्हणून कलेक्टरच, सरकारनियुक्त सभासदांचा भरणा आणि मताचा हक्क मोजक्यांना. 1923 च्या कायद्यानंतर लोकांतून निवडून आलेल्यांचं वजन वाढलं, पण तिजोरी तशीच रोडकी. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड नावाचा कर हा मुख्य आधार, शिवाय कोंडवाडे आणि नदीवरच्या तरी (होड्या) यांचं किरकोळ उत्पन्न. त्यात शाळा, रस्ते, विहिरी, धर्मशाळा, देवी टोचणं भागवायचं. बाकी बहुतेक खाती सरकारच्या हातात.

शिवाय हे बोर्ड महाराष्ट्रभर एकसारखं नव्हतंच. विदर्भात 1948 च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा होत्या, मराठवाड्यात हैदराबाद राज्याच्या कायद्याची बोर्डं. राज्य झाल्यावर ही तीन तऱ्हेची घडी एक करायची म्हणून 1960 मध्ये वसंतराव नाईक समिती नेमली गेली.

खरा बदल घडवला तो या समितीने. केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये सगळा भर गटावर, म्हणजे तालुक्याच्या पातळीवर, दिला होता. नाईक समितीने जिल्हाच बळकट केला आणि कलेक्टरला बाहेर ठेवलं. त्याच्याऐवजी परिषदेचा स्वतःचा मुख्य कार्यकारी अधिकारी आला. आमदार-खासदारांनाही सभासदत्व नाही, आणि माझ्या मते हा त्यातला सर्वांत धाडसी भाग. 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून शेती, आरोग्य, प्राथमिक शिक्षण, लघुपाटबंधारे अशी कामं, त्यांच्यासाठीचा पैसा आणि नोकरवर्ग परिषदांकडे आला. ‘मिनी मंत्रालय’ हे टोपणनाव उगाच पडलेलं नाही. बोर्डाला असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

मतदाराच्या बाजूनेही फरक आहे. आज परिषदेच्या एका गटात, म्हणजे मतदारसंघात, पंचायत समितीचे दोन गण (तिचे मतदारसंघ) येतात, त्यामुळे ग्रामीण मतदार एकाच दिवशी दोन मतं देतो. (हा निवडणुकीचा गट आणि गटविकास अधिकाऱ्याचा, म्हणजे तालुक्याच्या पातळीवरचा, गट वेगळे. घोळ इथे नेहमीचाच.) मुंबई शहर आणि उपनगर वगळता राज्यात आता 34 जिल्हा परिषदा आहेत.

वारसा मात्र सलग आहे. बोर्डाची मालमत्ता आणि देणी कायद्यानेच परिषदेकडे आली. तेव्हा जुन्या कागदावर एखादी जागा लोकल बोर्डाच्या नावे दिसली, तर चौकशी जिल्हा परिषदेत करायची.