शेणखत, युरिया आणि औषधाला दाद न देणारे मातीतले जंतू

कोल्हापूर भागात उसाच्या आडसाली लागणीची तयारी सुरू झाली की रानात शेणखताच्या ट्रॉल्या पडायला लागतात, मागनं युरिया, डीएपी, पोटॅश आहेच, आणि सोबत दरवर्षीचा तोच वाद, की रासायनिक खतानं माती मेली आणि शेणखत म्हणजे अमृत. जमिनीच्या पोताबद्दल शेणखताचं मोल मी पण मानतो. पण अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की हे गणित इतकं सरळ राहत नाही.

मुळात बरीचशी अँटिबायोटिक्स मातीतूनच आलीत. 1943 साली अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्यानं मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस नावाच्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं, आणि टीबीवर पहिल्यांदा चालणारं अँटिबायोटिक हाती आलं. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो तो पण याच कुळातल्या जिवाणूंमुळं. आता जो जंतू असं विष बनवतो त्याला स्वतःला त्यातून वाचायला लागतंय, शेजारच्यांना पण, त्यामुळं औषधाला दाद न देण्याचे जीन, म्हणजे जंतूच्या डीएनएतले तसे गुण, मातीत पहिल्यापासूनच आहेत. कॅनडातल्या युकॉन भागात 30,000 वर्षं गोठून पडलेल्या मातीत असे जीन सापडले, ते 2011 साली छापून आलं. तेव्हा माणसाचं औषधच नव्हतं.

मग बदललं काय, तर शेणातून काय येतंय ते बदललं. 1950 च्या सुमाराला अमेरिकेत लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसलं की ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा कोंबड्यांच्या खाद्यात घातला की पिल्लं भराभर वाढतात, आणि मग आजार असो नसो, जगभर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक जायला लागलं. टेट्रासायक्लिनसारखं औषध जनावर पूर्ण पचवत नाही, बराच भाग शेणा-मुतातून तसाच बाहेर पडतो आणि मातीतल्या चिकणकणांना धरून बसतो. सोबत आतड्यातले औषधाला दाद न देणारे जंतू येतात, आणि त्यांचे जीन बऱ्याचदा प्लास्मिडवर असतात, म्हणजे डीएनएचा असा सुटा तुकडा जो एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला पण देऊ शकतो. माझ्या मते खरी भीती इथंच आहे, कारण मातीतला जुना जीन जागच्या जागी असतो, हा फिरता आहे.

याचा पुरावा जपून ठेवलेल्या जुन्या मातीतनं मिळाला. नेदरलँड्समध्ये 1940 पासूनचे मातीचे नमुने होते, ते तपासल्यावर टेट्रासायक्लिनला विरोध करणारे काही जीन 1970 च्या दशकापेक्षा 2008 मध्ये 15 पटीहून जास्त निघाले. डेन्मार्कात आस्कोव्हला शेणखताचे प्लॉट वेगळे आणि रासायनिक खताचे वेगळे असा शंभर वर्षांहून जुना प्रयोग चालूय, तिथं पेनिसिलिन वर्गाच्या औषधांना तोडणारे जीन शेणखताच्या प्लॉटमध्ये चढत गेले आणि 1990 नंतर तिकडं जनावरांची औषधं आवरल्यावर परत खाली आले. पण जीन गोळा करून फिरवणारी जी यंत्रणा असते, इंटिग्रॉन म्हणतात तिला, ती मात्र त्या मातीत वाढतच राहिली.

आणखी एक गोष्ट 2014 मध्ये अमेरिकेत कळली, ती मला सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते: ज्या गायींना अँटिबायोटिक दिलंच नव्हतं त्यांचं शेण टाकूनही मातीतले विरोधक जंतू वाढले, कारण शेणाच्या खुराकावर मातीतलेच असले जंतू फोफावले.

म्हणून युरिया निर्दोष असं नाही हां. नत्राचा मारा सतत झाला की माती आम्ल होत जाते आणि जंतूंची वस्ती बदलते, राधानगरी-गगनबावड्याकडच्या तांबड्या रानात ती आधीच आम्ल. फॉस्फेटच्या खतातून कॅडमियम येतं, कोंबडखतातून तांबं आणि जस्त, आणि धातू बाहेर फेकणारे जीन बऱ्याचदा औषधाच्या जीनला चिकटूनच असतात, त्यामुळं एकाला टिकवलं की दुसरा आपोआप टिकतो.

आपल्याकडं गोकुळ दूध संघ 1963 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून दूध हा घराघरातला पैसा, आणि म्हशीला कासदाह झाला की अँटिबायोटिक देणं भागच असतंय. ते शेण मात्र सरळ उकिरड्यावर जातं, रोजचं ताजं वरती, कुणी उलथत नाही. आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि 1931 मध्ये लिहून काढली, त्यात ढीग ठरवून उलथायचा होता. ढीग आतून 55 अंशाच्या वर काही दिवस तापला आणि बाहेरचं आत गेलं तर आतड्यातले बरेच जंतू मरतात, टेट्रासायक्लिन पण बऱ्यापैकी तुटतं, सगळे जीन मात्र जात नाहीत.

सरकारनं 2019 मध्ये जनावरं-कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी घातली, आणि डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारतात त्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या पावडरीवर बंदीचा मसुदा 2021 च्या डिसेंबरात आला. उकिरड्यातनं रानात काय जातंय याकडं मात्र गावपातळीवर अजून कुणी वळून बघितलेलं नाही.