बाळंतिणीचं पोट: आधी शिवण, मग चरबी

गरोदरपणात दहा-बारा किलो वाढलेलं वजन बाळंतपणाच्या दिवशी जेमतेम पाच किलोंनी उतरतं. बाळ पावणेतीन-तीन किलो, वार अर्धा किलो, गर्भजल पाऊण-एक किलो, बाकी रक्त. पहिल्या आठवड्यात अंगातलं साठलेलं पाणी घाम आणि लघवीवाटे जातं. रात्री गाऊन भिजतो तो यामुळेच. प्रसूतीनंतर साधारण १ किलो भरणारं गर्भाशय सहा आठवड्यांत ६०-७० ग्रॅमवर येतं. तरी पोट पाचव्या महिन्यासारखं दिसतं, आणि घरीदारी ‘आता पोट कमी कर’ सुरू होतं.

चरबी असतेच, पण पुढे आलेलं पोट नुसतं चरबीचं नसतं. पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध एका पांढऱ्या पट्टीने जोडलेले असतात. ही पोटाची शिवण. गर्भ वाढतो तशी ती ताणून रुंद आणि पातळ होते. पहिल्या आठ आठवड्यांत ती बरीचशी आपोआप आवळते, पुढे वेग मंदावतो. ती तपासणं सोपं आहे. उताणं झोपून गुडघे दुमडा, बोटं बेंबीवर आडवी ठेवा आणि डोकं किंचित उचला. दोन्ही कडांच्या मधल्या फटीत किती बोटं मावतात ते पाहा. बेंबीच्या वर आणि खालीही पाहा. दोनपेक्षा जास्त बोटं मावली, किंवा बोट लोण्यात रुतावं तसं आत गेलं, तर शिवण अजून सैल आहे.

अशा वेळी सिट-अप्स, म्हणजे उताणं झोपून पोटाच्या जोरावर उठून बसण्याचा व्यायाम, काढले की मध्यरेषेवर होडीच्या तळासारखा उंचवटा येतो. आतला दाब सैल शिवणीवर पडल्याची ही खूण. तो दिसला की तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद. बिछान्यातून उठतानाही हेच होतं, म्हणून आधी कुशीवर वळायचं आणि हाताच्या रेट्याने बसायचं.

सुरुवात श्वासापासून. उताणं झोपून पाच-सहा सेकंद सावकाश श्वास सोडा आणि सोडताना लघवी व वारा एकदम रोखल्यासारखं खालून वर ओढून घ्या. ओटीपोट आपसूक आत जातं. ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सैल सोडा. असं दहादा, दिवसातून तीनदा. चुका ठरलेल्या: श्वास कोंडणं, ढुंगण आवळणं, वर ओढण्याऐवजी खाली जोर देणं. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. हे जमलं की श्वास सोडत एकेक टाच जमिनीवरून पुढे सरकवायची, प्रत्येक पायाने ८-१० वेळा. कंबर जमिनीवरून उचलली जात असेल तर टाच कमी सरकवा.

सिझेरियन झालेल्यांनी वरच्या टाक्यांवर भरवसा ठेवू नये. कातडी दहा-बारा दिवसांत जुळते; आतल्या जाड पडद्याची ताकद मात्र सहा आठवड्यांनीही जेमतेम निम्मी असते. पोटपट्टा चालताना-खोकताना आधार देतो, तेवढंच. त्याने ना चरबी वितळते ना शिवण आवळते. फार करकचून बांधला तर दाब खाली जातो, आणि ‘अंग बाहेर येण्याची’ भीती असलेल्या बाईला तो नकोच.

चालणं रोज १० मिनिटांपासून, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत न्यावं. कमी झालेलं अंगावरून जाणं चालल्यावर पुन्हा लालभडक झालं, तर चालणं जास्त झालं. तासाभरात पॅड भिजत असेल, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल, तर थेट दवाखाना.

आता लाडू. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० कॅलरी जादा लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. ४० ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात १० ग्रॅम तूप असलं तर त्याच्याच ९० कॅलरी. गूळ, खोबरं, खारीक धरून २००च्या आसपास, म्हणजे एका मध्यम भाकरीइतक्या. सकाळी दोन लाडू, आहाळिवाची खीर, मऊ भातावर तुपाची धार: दुपारपर्यंत ६०० पुऱ्या, आणि जेवण अजून व्हायचंच. लाडू वाईट नाही, पण दिवसाला एक पुरे. उरलेल्या जागी डाळ, अंडं, दही, मासे येऊ द्या, कारण दुधासाठी आणि स्नायूंसाठीही प्रथिनं लागतात. दूध नीट सुरू झाल्यावर, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी, आठवड्याला अर्धा किलो उतरणं पुरेसं. १८०० कॅलरींच्या खाली जाऊन उपाशी राहण्यात आधी आई गळून जाते.

लोहाच्या गोळ्या मात्र प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि त्याच सर्रास बंद होतात. दोन जिने चढून धाप लागत असेल तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन पाहावं. नीट खाऊन-चालूनही वजन हलत नसेल, केस मूठभर गळत असतील, थंडी वाजत असेल तर थायरॉईडही तपासावं. बाळंतपणानंतरच्या वर्षात त्याचा बिघाड होऊ शकतो.

धावणं, दोरीच्या उड्या १२ आठवड्यांच्या आत नकोत. त्यानंतरही आधी जागच्या जागी दहा उड्या मारून पाहा. थेंबभर लघवी सुटली किंवा खाली जड वाटलं, तर आणखी महिनाभर श्वासाचाच व्यायाम. तरीही सुटत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.